टोपीफळांचे प्रदर्शन

"मी चंद्री. यल्लव्वाची चंद्री. यल्लव्वा दुर्गव्वाची, दुर्गव्वा मारव्वाची. मारव्वानं घाटातला आगगाडीचा बोगदा फोडला, दुर्गव्वानं कालव्याचा दगुड फोडला, माझी आय हितं खडी फोडती."

एवढे एका दमात बोलून त्या साडेचार वर्षांच्या मुलीने नाक वर ओढले आणि माझ्याकडे पाहिले. मी तिला पूर्ण नाव विचारले होते. पूर्ण नावात बापाचे नाव आणि आडनाव यावे, ही माझी अपेक्षा. तिने तीन पिढ्यांच्या बायका आणून माझ्या व्हरांड्यात उभ्या केल्या.

वेताच्या खुर्चीत सरदेशपांडे वहिनी बसल्या होत्या. मुख्य अभियंत्यांच्या त्या पत्नी. त्यांची मेधा माझ्याकडे शिकायला येई.

"आणि तू काय फोडणार ग?" त्यांनी विचारले.

"मी टोपीफळ फोडनार," चंद्री म्हणाली. "दगुड आयला."

मुले खिदळली. वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी मला डोळ्यांनी आत बोलावले. मला असे कोणी बोलावलेले चालत नाही. पण त्या पाहुण्या, म्हणून मी गेले.

या गोष्टीला आता पन्नास वर्षे झाली. सह्याद्रीतले काम आटोपल्यावर कंपनीने आम्हा मराठी कुटुंबांना मजुरांसकट उचलून हिमालयात एका बोगद्यावर नेऊन ठेवले होते. सर्वांत जवळची शाळा बावीस मैलांवर, आणि रस्ता वर्षातून चार महिने दरडीखाली. पाच वर्षांच्या आतली पाच मुले वसाहतीत दिवसभर धूळ उडवीत हिंडत. मी त्यांना घरी बसवून शिकवू लागले. मला कोणी नेमले नव्हते. नेमण्याची वाट पाहणे माझ्या स्वभावात नाही. माझा श्रीरंग त्या पाचांतला एक. सहावी चंद्री, जिला मी आठ दिवसांपूर्वी फाटकाबाहेरून हाताला धरून आत आणले होते.

"अनसूयाबाई," वहिनी आत येताच म्हणाल्या, "ही कुणाची ते कळलं. इथं कशाला, ते नाही कळलं."

"पाट सहा होते. मुलं पाच होती."

"पाट रिकामा दिसला म्हणून वाटेवरचं कुणीही आणून बसवायचं?"

"वाटेवरची नाही. आपण ज्या रस्त्यानं मोटारीतून येता, त्याची खडी तिच्या आईनं फोडली आहे."

वहिनींनी पदर सावरला. त्या वाईट बाई नव्हत्या. आपल्या अधिकाराच्या सवयीच्या होत्या, इतकेच. "हे पाहा, रविवारी क्लबात मुलांच्या कामाचं प्रदर्शन. दिल्लीचे मोठे साहेब तेव्हा इथं असतील. त्यांना आवडलं की क्लबाची मागची खोली शेगडीसकट तुमच्या शाळेला. मी आमच्या साहेबांकडून कबूल करून घेतलंय. बर्फ पडायला लागलं की या व्हरांड्यात मुलं बसणार आहेत का?"

"नाही."

"मग ही मुलगी रविवारी तिथं दिसता कामा नये, आणि सोमवारपासून इथंही. दिसली तर खोली विसरा. मुलंही विसरा. बाकीच्या तिघींशी बोलूनच आले आहे मी."

मी चुलीवर आधण ठेवले.

"काय ठरवलंत मग?"

"चहा घेऊन जा."

"म्हणजे?"

"म्हणजे चहा घेऊन जा. माझ्या दारातून कोणी तसंच जात नाही."

त्या चहा न घेता गेल्या.

दिवाळी होऊन गेली होती. वसाहतीमागच्या उतारावर बांजाचे रान होते. इंग्रज ज्याला ओक म्हणतात, त्याचाच हा डोंगराळ भाऊ. त्या दिवसांत त्याची फळे टपाटप गळत. सुपारीएवढे गुळगुळीत फळ आणि वर खवल्याखवल्यांची वाटोळी टोपी. मुलांनी त्याला नाव दिले टोपीफळ. त्या रानात खारी इतक्या, की मुलांना वाटे या गावात माणसांपेक्षा त्यांचेच बिऱ्हाड जुने. ते खरेही होते. मी शिकवण्याचे निराळे साहित्य मागवले नाही. खारीपाशी सगळे होते.

सकाळी प्रत्येकाला दहा टोपीफळे मोजून मिळत. ती अंगणात लपवायची. दुसऱ्या दिवशी शोधायची, आणि किती सापडली, किती हरवली, ते पाटीवर रेघा ओढून मांडायचे. श्रीरंग सगळी एकाच खड्ड्यात पुरी आणि वर उभा राहून पहारा करी.

"अरे, खार अशी पुरते का?" मी विचारले.

"मी हुशार खार आहे."

"हुशार खारीचा एक खड्डा माकडाला सापडला, तर हिवाळ्यात ती खाणार काय?"

त्याने खड्डा पायाने झाकला. मेधा म्हणाली, "आईकडे मागेल."

चिडाच्या, म्हणजे पाइनच्या, बोंडाची खार करायची. धड बोंडाचे, डोके टोपीफळाचे, कान टोपीच्या दोन शकलांचे, शेपटी पिंजलेल्या लोकरीची. रंग अक्रोडाच्या हिरव्या सालीचा. तो बोटांवरून पंधरा दिवस जात नसे आणि आया मला शिव्या देत. टोपीला काडी खोचून भिंगरी. लहानमोठी फळे लावून रांगोळी. मोठे, लहान, लहान. मोठे, लहान, लहान. यातून मुले अंक शिकली, क्रम शिकला, आणि वाट पाहायला शिकली. वाट पाहणे मोठ्यांनाही येत नाही.

प्रदर्शनासाठी दोनशे फळे वेचून आणली. मी ती घमेल्यात धुवायला टाकली. काही बुडाली, काही वर तरंगत राहिली. चंद्री घमेल्याशी उकिडवी बसली आणि तरंगणारी फळे उचलून भराभर अंगणात भिरकावू लागली.

"ए! काय चाललंय?"

"बाई, ह्ये तरंगत्यात. ह्यात किडा हाय."

"कुणी सांगितलं?"

"आय बी असंच निवडती. तरंगतं त्ये कुजकं."

"उचल ती. एक न एक उचलून आण. किडीचं काय करायचं ते मला माहीत आहे."

मला माहीत होतेच. आमच्या माहेरी तुरीच्या डाळीला एरंडेल चोळून, कडुनिंबाचा पाला घालून बरणी भरत. तीन पिढ्यांत आमच्या डाळीला पोरकिडा लागला नाही. मी दोनशे फळांना निगुतीने एरंडेल चोळले, कोल्हापूरहून आलेला वाळका पाला घातला आणि झाकण घट्ट लावले. चंद्रीने मात्र आपल्या खारीसाठी बुडालेली फळे आधीच ओच्यात बांधली होती. ती मागितली तर देईना. हट्टी आहे, असे मी मनाशी म्हटले. हट्टी मुलांवर माझा विशेष राग असे, कारण घरात एक हट्टी माणूस पुरेसे असते.

शनिवारी आमचे यजमान कामावरून आले ते बूट न काढता बसले.

"सरदेशपांडे साहेबांनी बोलावलं होतं," ते म्हणाले.

"बदली?"

"तो शब्द नाही काढला. नुसता नकाशा दाखवला. आसामचा."

"मग?"

"मग काय, मी पाहिला नकाशा. मोठा प्रदेश आहे." थोडा वेळ त्यांनी बुटाच्या नाडीशी चाळा केला. "अनू, ती पोर तुझ्या पाटावर का बसते, हे या वसाहतीत आपल्या दोघांखेरीज एकीलाच माहीत आहे. तुला तिला बसवायचंही आहे आणि कारण झाकायचंही आहे. दोन्ही जमत नसतं."

"जमवीन."

"आसामात पण टोपीफळं असतात का ग?" त्यांनी विचारले, आणि बूट काढले. त्यांच्या तोंडून 'तिला काढून टाक' हे शब्द आले नाहीत. त्या माणसाबरोबर मी एक्कावन्न वर्षे का संसार केला, असे नाती विचारतात, तेव्हा मी त्यांना हा प्रसंग सांगते.

रविवारी दुपारी मी एका हाताला श्रीरंग आणि दुसऱ्या हाताला चंद्री धरून क्लबात शिरले. चंद्रीच्या केसांना इतके तेल होते की ते कानामागून ओघळत होते. हॉलच्या मध्यभागी लांब टेबल, त्यावर पांढरी चादर, आणि मोठ्या साहेबांना थंडी वाजू नये म्हणून टेबलालगत धगधगती शेगडी. सहा तबके मांडली. खारी, भिंगऱ्या, टोपीवाली नवरानवरी, रांगोळी. वसाहतीतल्या बायका भिंतीकडेच्या खुर्च्यांवर होत्या. खुर्च्या वाहून आणायला मजुरांच्या बायका बोलावल्या होत्या. काम झाल्यावर त्या दाराबाहेर उभ्या राहिल्या. त्यांत यल्लव्वा होती.

वहिनींनी चंद्रीला पाहिले आणि माझ्याकडे पाहिले. मी नमस्कार केला.

मोठे साहेब सौम्य मराठी गृहस्थ होते. हातात चहाची बशी घेऊन ते प्रत्येक तबकापाशी थांबत. मेधाची खार त्यांनी कौतुकाने उचलली. उचलताच त्या खारीच्या डोक्याला एक भोक पडलेले दिसले, आणि त्या भोकातून पांढरी, गुबगुबीत अळी अंग चोरत बाहेर आली, जरा थबकली आणि बशीत पडली.

मग श्रीरंगच्या तबकात दोन दिसल्या. मग रांगोळीत. शेगडीची ऊब लागताच दोनशे फळांतले सारे बिऱ्हाडकरू एकदम जागे झाले होते. चादरीवर अळ्या वळवळू लागल्या. कोणी किंचाळले, कोणी खुर्चीवर पाय वर घेतले. मेधा रडू लागली.

"मी म्हटलं नव्हतं?" वहिनींचा आवाज हॉलभर गेला. "झोपडीतलं पोर आणून बसवलं की झोपडीतली घाणही येते. आपल्या मुलांनी हात लावलेत या सगळ्याला!"

"माझ्यात न्हाई," चंद्री म्हणाली.

तिने आपले तबक पुढे सरकवले. तिच्या खारीचे डोके अखंड होते. भिंगऱ्या अखंड. त्या तबकात एकही अळी नव्हती. हे सर्वांना दिसत होते, आणि ते पाहायची कोणाची तयारी नव्हती.

"कीड माझी आहे," मी म्हणाले. "या मुलीनं मला सांगितलं होतं, तरंगणारं फळ किडकं. मी तिला दटावलं आणि ती फळं उचलायला लावली. किडा बाहेरून येतो असं धरून मी वरून तेल चोळत बसले. तो आत होताच. चूक माझी, आणि ती मी तिच्यासमोर कबूल करते."

जन्मात प्रथमच मी चारचौघांत चूक कबूल केली असावी. यजमान भिंतीपाशी उभे होते. त्यांनी चष्मा काढून पुसला.

मोठे साहेब मोकळेपणाने हसले आणि बशी बाजूला ठेवून म्हणाले, "अहो, त्या अळीनंही प्रदर्शन पाहावं की." हॉल किंचित सैल झाला. वहिनींनी ती संधी घेतली. त्या माझ्याजवळ आल्या आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "झालं ते झालं. खोली अजून तुमची आहे, मी शब्द फिरवत नाही. फक्त हिला आता बाहेर आईपाशी उभी करा. इतकंच करा. मग मी सांभाळून घेते."

इतकेच करायचे होते. दहा पावले. खोली, शेगडी, चार मुले, यजमानांची जागा, सगळे त्या दहा पावलांत होते.

दारातून यल्लव्वाने ते ऐकले असावे. मी काही म्हणायच्या आतच तिने हात पुढे करून हाक मारली, "ये ग चंद्रे. चल."

तिच्या आवाजात राग नव्हता, तक्रार नव्हती. जणू असे होणार हे ती घरून निघतानाच धरून आली होती. चंद्री निघालीही.

"थांब," मी म्हणाले. "तबकापाशी उभी राहा. तुझं दाखवायचं राहिलंय."

"अनसूयाबाई!"

"वहिनी, आता ऐका. सगळ्याच ऐका. माझा श्रीरंग पंधरा दिवसांचा असताना मला विषमज्वर झाला. अंगावर पाजायला डॉक्टरांनी बंदी केली. डब्याचं दूध त्याला पचेना. पोर वाळून काटकी झालं, रडायचंही थांबलं. तेव्हा चाळीस दिवस त्याला जिनं अंगावर पाजलं, ती त्या दारात उभी आहे. तिचं नाव यल्लव्वा."

खुर्च्यांतल्या दोघी माझ्या सासरच्या नात्यातल्या होत्या. ही बातमी आठ दिवसांत कोल्हापुरास पोहोचणार, हे मला ठाऊक होते. ती सहा दिवसांत पोहोचली.

"तेव्हा ही चंद्री तिच्या अंगावर होती, दोन महिन्यांची. दोन पोरांना पुरेल इतकं दूध खडी फोडणाऱ्या बाईला येत नाही. माझ्या मुलानं बाळसं धरलं ते हिच्या वाटणीचं पिऊन. हिची मनगटं पाहा, आणि मग त्याची पाहा. मी तिला मागच्या दारानं आणायची, मागच्या दारानं पाठवायची. कुणाला बोलायचं नाही म्हणून पोरीच्या गळ्याची शपथ घातली. तिनं ती साडेचार वर्षं पाळली. ती खडी फोडायला माझ्या फाटकावरून रोज जायची, आणि मी पडदा ओढून घ्यायची."

"अहो, पण हे असं चारचौघांत..." वहिनी पुटपुटल्या.

"चारचौघांतच. मागच्या दारानं पुष्कळ झालं. आता हिला बाहेर काढायचं असेल, तर आधी माझ्या मुलाला काढा. हिच्या वाटणीचं पिऊन तो आत उभा आहे."

कोणीही कोणाला बाहेर काढले नाही. हॉल मात्र रिकामा होऊ लागला. सरदेशपांडे साहेब मोठ्या साहेबांना बोगदा दाखवायला घेऊन गेले. वहिनींनी मेधाला कडेवर घेतले, आणि दारातून जाताना त्या यल्लव्वाला चुकवून तिरप्या झाल्या. बाकीच्या पाठोपाठ उठल्या. आम्ही प्रदर्शन पूर्ण केले. चंद्रीने तांब्यात पाणी घेतले, एक फळ बुडवून दाखवले, एक तरंगवून दाखवले, आणि यजमान, श्रीरंग, दोन स्वयंपाकी व एक चौकीदार अशा श्रोत्यांनी ते लक्षपूर्वक पाहिले. मग मी चादर झटकली.

सोमवारी मी नेहमीप्रमाणे सहा पाट मांडले. श्रीरंग एकावर बसला. चारांवर कोणी आले नाही. पुढेही आले नाही. खोली मिळाली नाही. चैत्रात आमची आसामला बदली झाली.

पण त्या सोमवारी उजाडताच यल्लव्वा चंद्रीला घेऊन पायरीशी आली. डोक्यावर पाटी, पाटीत घण. तिने फाटकाबाहेर थांबायची सवय मोडली नव्हती. मी बोलावले तेव्हा आत आली.

"यल्लव्वा," मी म्हणाले, "आम्ही इथं आहोत तोवर मी हिला शिकवणार. बर्फ पडलं तर आत चुलीपाशी बसवीन. दुधाचं ऋण फिटत नसतं म्हणतात, तरी माझ्याकडून..."

"कोन म्हन्तं फिटत न्हाई?"

"शास्त्रात सांगितलंय."

"शास्तर पाजत व्हतं का पोराला?"

मी शास्त्र बाजूला ठेवले.

"शिकवनं ही तुमची हौस," ती म्हणाली. "पोरीची बी हाय. तिचा दुदाशी काय संबंद? दोन अक्षरं शिकली तर बरं, न्हाई शिकली तर घण हायेच. त्ये येगळं."

"मग दुधाचं काय?"

"आदी माजी शपत सोडवा. पोरीच्या गळ्याची हाय. साडेचार वर्सं मानंवर घिऊन फिरत्ये. ज्यानं घातली त्यानंच सोडायची."

मी पायरी उतरले. चंद्रीच्या डोक्यावर हात ठेवला. केसांना कालचे तेल अजून होते.

"सुटली," मी म्हणाले.

यल्लव्वाने पाटी डोक्यावर नीट बसवली.

"मंग माज्याकडनं बी ऐका. देनारी मी, तवा सांगायची बी मीच. काल समद्यांम्होरं माजं नाव घेतलंसा. चाळीस दिसांचं दूद, तितंच फिटलं. थेंब ऱ्हायला न्हाई."

आणि ती खडीच्या ढिगाकडे उतरून गेली.